पर भरेपर्यंत

केतकी भांडून सौंसरला माहेरी गेली आणि इकडे पांढुर्ण्यात टाकीतल्या दगडाला घासून तिच्या गोल्डफिशचा पर फाटला, यात तुषारचा फायदाच झाला. एरवी त्याचा फोन न उचलणारी बायको आता रोज संध्याकाळी स्वतःहून फोन करून राहिली होती.

"वेगळ्या टपात ठेवा, पाणी बदला, चिमूटभर मीठ टाका. पर भरला की सांगा, मासा घेऊन जाईन. मग तुम्ही मोकळे."

"अन् मी जेवलो का, ते नाही विचारत?"

"तुमचा पर फाटला का?"

रोज तुषारचं उत्तर एकच होतं, "अजून तसाच आहे." अन् रोज केतकी काळजीनं म्हणायची, "मग मीठ थोडं वाढवा ना."



पर चौथ्याच दिवशी भरला होता. निदान इलाज तरी खरा असावा म्हणून तुषार ती सांगेल तसं मीठ वाढवत गेला, नवव्या दिवशी मासा पोट वर करून तरंगला, आणि संध्याकाळी फोनवर तो म्हणाला, "आज थोडा फरक आहे."