धूर सोडायच्या आधी

दिग्गी गावचा लाडू वेळीप आणि त्याची बायको रुक्मा जुनी ओमनी घेऊन रामनगरच्या गॅरेजात आली. गाडीत पेट्रोलचा वास यायचा, पण गळती कुठं ते सापडत नव्हतं.

मेकॅनिक महेशनं नवं मशीन बाहेर काढलं. "मामा, ह्या नळीतनं आत धूर सोडतो. जिथनं तो बाहेर येतोय, तिथं गळती. पण पयला विडी-काडी काय असंल ती लांब ठेवून या. पेट्रोलची वाफ हाय, ठिणगी पडली तर भडका उडंल."

"आमच्याकडं कुठली विडी?" लाडू म्हणाला. "नातीची शपथ घेऊन दोघांनीबी कवाच सोडली."

रुक्मानं त्याच्याहून जोरात मान डोलावली.

"मग बरं," म्हणत महेशनं बटणावर बोट ठेवलं.

"थांब रे!" दोघंही एकदमच ओरडली.

लाडूनं टोपीच्या घडीतनं एक विडी काढली. रुक्मानं पानाच्या चंचीतनं काडेपेटी काढली, आणि तिच्यामागनं विड्यांचं अख्खं बंडल.



"गळती गावली, मामा," महेश म्हणाला. "मशीन अजून चालूच केल्यालं न्हाई."