टीव्ही बिघडला आहे

“चित्र हलून राहिलं, भाऊ. जरा वर जाऊन अँटेना फिरवून या ना,” चंपतराव म्हणाले आणि विश्वनाथच्याच वेताच्या खुर्चीत आणखी मागे रेलले.

विश्वनाथ उठला. रविवारचा सिनेमा रंगात आला होता आणि नंदनवन वस्तीतली अर्धी गल्ली त्याच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसली होती. त्याचा पाय कोणाच्या तरी गुडघ्यावर पडला. “वाका ना, दिसून नाही राहिलं!” कोणीतरी ओरडलं. आपल्याच घरात वाकून चालत तो जिन्यापर्यंत पोचला.

गच्चीवर तो अँटेनाचा दांडा धरून उभा राहिला. खालून शेजारच्या चंपतरावांच्या सूचना चालू होत्या. “थोडं इकडे... नाही, जास्त झालं... आता पहिले होतं तसंच करा!” मग सगळे खदखदून हसले. सिनेमाला हसले की आपल्याला, हे काही त्याला कळलं नाही, पण त्या क्षणी गल्लीतल्या एकेकाचा त्याला मनापासून तिटकारा आला. टीव्ही आणला होता बायकोच्या, चारुशीलाच्या, पाटल्या मोडून. आणि त्यावर तिनं आजवर एक सिनेमा धड पाहिला नव्हता. फुकट्या पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले भरण्यातच तिचा रविवार जायचा.

लोक गेल्यावर शेंगांची टरफलं झाडताना तो बायकोला म्हणाला, “आजपासून टीव्ही बिघडला.”

“काहून? चांगला तर चालून राहिला.”

“चालून राहिला म्हणूनच.”

पुढच्या रविवारी गल्ली आली तेव्हा टीव्हीची लाकडी शटरं बंद होती आणि वर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता. विश्वनाथनं चेहरा पाडून बातमी सांगितली.

“माझा साळा रेडिओ सुधरवते. पाठवू का त्याले?” चंपतरावांनी विचारलं.

“अजिबात नको! गॅरंटीत आहे. दुसऱ्यानं हात लावला की गॅरंटी जाते. कंपनीचा माणूस येईल.”

मंडळी मयतीहून परतावं तशी निघून गेली. ते पाहून विश्वनाथला काय गार वाटलं! मग भर मे महिन्यात दारंखिडक्या लावून, आवाज बारीक करून दोघं टीव्हीसमोर बसले. घामानं निथळत का होईना, चारुशीलानं पहिल्यांदा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. सिनेमातली मंडळी काय बोलतात ते मात्र तिला ओठांवरून ओळखावं लागत होतं.

पण गल्ली कसली गप्प बसते! नळावर, दूधवाल्यापाशी, जो तो विचारू लागला, “आला का कंपनीचा माणूस?” चंपतरावांनी तर वसाच घेतला. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, “आमच्या विश्वनाथभाऊचा नवाकोरा टीव्ही पडून आहे, अन् कंपनीवाले ढुंकून पाहून नाही राहिले! गिऱ्हाइकाची काही किंमतच नाही!”

विश्वनाथ खाली मान घालून तिथून सटकायचा. कंपनीला तो काय कळवणार? टीव्हीला काही झालंच नव्हतं.

एकदा सिनेमा चालू असताना दारावर थाप पडली. टीव्ही बंद करून, रुमाल टाकून दार उघडेपर्यंत दोघांची तारांबळ उडाली. चंपतरावांची बायको मनकर्णाबाई विरजण मागायला आली होती. वाटी येईपर्यंत ती टीव्हीवर हात टेकून उभी राहिली.

“काहून जी, हा एवढा गरम काहून लागून राहिला?”

“मे महिना आहे, वहिनी. सगळंच गरम आहे.”

तिनं त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि विरजण घेऊन गेली.

“तिले समजलं,” चारुशीला म्हणाली. “आता गल्लीभर होते.”

त्यानंतर चारुशीलाच्या चुलतबहिणीचं काटोलला लग्न निघालं. गावाला जाताना किल्ली नेहमी चंपतरावांकडे असायची. दूध घ्यायचं, तुळशीला पाणी घालायचं. शिवाय परका भंगारवाला गल्लीत शिरला तरी ते त्याला दहा प्रश्न विचारून पिटाळून लावत. यावेळी किल्ली दिली नाही तर संशय यायचा.

“टीव्हीले तेवढा हात नका लावू,” विश्वनाथ म्हणाला.

“गॅरंटी! माहीत आहे मले,” चंपतराव म्हणाले.

लग्नाहून परतताना एसटीत विश्वनाथला एकदम आठवलं, आणि तो सरळ होऊन बसला. टीव्हीची वायर त्यानं काढलीच नव्हती. कोणी नुसतं बटण दाबलं तरी चित्र येणार होतं. आणि किल्ली चंपतरावांकडे होती, ज्यांना दुसऱ्याच्या खुर्चीत बसायलाही कधी लाज वाटली नव्हती.

“आता गल्लीत तोंड कसं दाखवाचं?” चारुशीला रडवेली झाली.

“आपोआप सुरू होते कधीकधी, असं सांगू,” तो म्हणाला. त्याचं त्यालाही ते पटलं नाही.

रिक्षा गल्लीत वळली. त्याच्याच दारासमोर सगळे जमले होते. मधोमध चंपतराव कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मनकर्णाबाई त्यांच्या कानात काहीतरी सांगत होती.

विश्वनाथ कसाबसा खाली उतरला. “चंपतराव, टीव्हीचं खरं काय ते मी सांगतो...”

“काही सांगू नका, भाऊ,” चंपतरावांनी पुढे येऊन त्याला मिठीच मारली. “पानठेल्यावर एवढा बोंबललो, त्याचा असर झाला शेवटी! काल कंपनीचे दोघं टेम्पो घेऊन आले होते. तुमचं नाव बरोबर सांगतलं त्याईनं, मंग म्याच कुलूप उघडून देल्लं, अन् आमी चौघांनी मिळून टीव्ही टेम्पोत चढवून देल्ला.”