तिसऱ्या मजल्यावरचे वकील

अपंगांची पेन्शन नाकारली गेली की सगळे याच वकिलांचं नाव सुचवतात. त्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद. सोय उत्तमच! एका पायावर, कठड्याला लोंबकळत, दर जिन्यात बसत मी वर पोचलो.

दारातच वकीलसाहेब मोबाइल रोखून उभे. "वा काका, काय जिद्द!" माझी धाप थांबायच्या आत व्हिडिओ त्यांच्या स्टेटसला लागला: 'तीन मजले चढून आलेले आमचे अशील!' पाणी मात्र सोबत आलेल्या माझ्या बायकोने पिशवीतून काढून दिलं.

सुनावणीला अधिकाऱ्याने माझी फाइल उघडलीच नाही. त्याने मोबाइलवर तोच व्हिडिओ लावला. "तीन मजले चढणारा माणूस अपंग कसा?"

मी आशेने वकिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"साहेब, तुमच्यापर्यंतसुद्धा पोचला?"