दरवर्षी पंधरा टक्के

"दार ढकलू नका. मी आलोय."

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती. लिफ्टवाले काका तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरत होते. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला जिन्यावरून धावायला लावणारं काम ते पुन्हा करत होते.

"हवा संपेल हो!" आतून बाईचा आवाज आला.

काका क्षणभर जागच्या जागी थांबले. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"हवा संपत नाही, ताई. वर जाळी आहे. दाराच्या कुलपाचा विजेचा कॉन्टॅक्ट अडकलाय, पंधरा मिनिटं लागतील. बोलत राहा, म्हणजे बरं वाटेल."

"मला सुचत नाहीये काही. तुम्हीच बोला. या वयात हे काम का करता?"

काका स्टुलावर चढून स्क्रू सोडवू लागले.

"नऊ वर्षांपूर्वी सोडलं होतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एक गुंतवणूक सल्लागार साहेब आले होते. फळ्यावर आलेख काढला. दरवर्षी पंधरा टक्के. म्हणाले, दर महिन्याला घरखर्चाला काढा, मुद्दलाला धक्का लागणार नाही. दोन वर्षं नोकरी बाकी होती, ती सोडली, सगळी पुंजी त्यांच्या योजनेत घातली आणि घरी बसलो."

"मग?"

"पहिल्या वर्षी पंधरा आले. मी ऐटीत होतो. पुढची दोन वर्षं शेअर बाजार पडला. घरखर्च थोडाच थांबतो? पडत्या पैशातून काढत राहिलो. बाजार वर आला तेव्हा माझ्याकडे वर जायला फारसं उरलंच नव्हतं. घर विकलं. आमची ही साठीत दुसऱ्यांची पोरं सांभाळायला लागली."

काकांनी कॉन्टॅक्टवरची काजळी खरवडली.

"त्या साहेबांचा राग येत असेल," बाई हळूच म्हणाली.

"चार वर्षं आला. झोपेतसुद्धा भांडायचो. मग कुणीतरी सांगितलं, साहेबांनी स्वतःच्या वडिलांचे पैसेही तिथंच ठेवले होते. फसवायचं असतं, तर बापाला कोण गुंतवेल? त्यांचाही त्या आलेखावर भरवसा होता. तिथं माझा राग लुळा पडला."

"वडिलांचं काय झालं, ते सांगितलं का कुणी?"

"नाही. विचारायचं धाडस झालं नाही."

काकांनी पॉलिश पेपरनं कॉन्टॅक्ट घासायला घेतला.

"आता रविवारी वर्ग घेतो," काका पुढे म्हणाले. "निवृत्तीला आलेले कामगार येतात. पाच टक्के धरून हिशोब करायचा, त्यातून महागाई वजा करायची. आणि पहिल्याच वर्षी बाजार पडला तर काय, तेही बघायचं. गेल्या साली अकरा जणांनी राजीनामे परत घेतले. एका वेल्डरच्या बायकोनं तर मला पेढ्यांऐवजी शिव्या दिल्या, म्हणाली, अजून तीन वर्षं याचा डबा करायचा का!"

आतून हसू ऐकू आलं. ओलसर होतं ते.

"पण आमचं गणित कच्चं," काका म्हणाले. "नीट शिकवणारं कुणी मिळालं, तर आणखी पन्नास घरं वाचतील."

त्यांनी खाली वॉचमनला हाक मारून मेन स्विच चालू करायला सांगितलं. लिफ्ट गुरगुरली, अलगद उतरली आणि दार उघडलं. पन्नाशीची बाई बाहेर आली. डोळे लाल होते, पण श्वास लागलेला नव्हता.

"वर्ग रविवारी किती वाजता असतो?"

"दहाला."

"मी शिकवीन. दर रविवारी." तिनं भिंतीचा आधार घेतला. "पण आधी एक ऐका, काका. ते साहेब वगैरे कुणी नव्हते. तो आलेख मी काढला होता."

काका हातरुमालानं बोटं पुसत होते.

"ठाऊक आहे, मॅडम. आवाज ऐकताच ओळखलं होतं. 'साहेब' म्हटलं नसतं, तर तुम्ही माझं शेवटपर्यंत ऐकलं नसतं."