मुरवलेलं पाकट

लग्नाची बोलणी करायला कोरियाच्या राजधानीतली, सोलची बोराम पहिल्यांदाच होणाऱ्या नवऱ्याच्या, थेजुनच्या, मोक्पो गावच्या घरी जेवायला बसली, आणि समोर आलं महिनाभर मुरवलेलं पाकट, म्हणजे तिकडचा मानाचा चपटा मासा! वास असा, जणू तो कुणीतरी सार्वजनिक मुतारीत विसरून गेलं होतं.

"आवडत नसेल तर मोकळेपणी सांग हं, पोरी," थेजुनची आई दोनदा म्हणाली. थेजुनची आजी मात्र होणाऱ्या नातसुनेच्या तोंडाकडे टक लावून बसली होती.

ही परीक्षाच आहे, हे बोरामने ओळखलं. तिने तो बुळबुळीत तुकडा तोंडात टाकला. झणका नाकातून थेट मेंदूत गेला, डोळे वाहायला लागले. तरी ती हसून म्हणाली, "मस्तच झालंय! अजून एक वाढा ना." आजी खूश होऊन तिला घरी बांधून द्यायला डबा शोधायला उठली.



थेजुनच्या आईने कपाळावर हात मारला आणि ती कुजबुजली, "अगं बये, सव्वीस वर्षं मी हे सासूबाईंच्या धाकाने गिळतेय, आज तू नको म्हणाली असतीस, तर दोघी सुटलो असतो."