पावडरच तर आहे

सोफा, टीव्ही, झुंबर, एवढंच काय, शोकेसमधला मातीचा हत्तीसुद्धा साहेबांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मग नागनाथ मिस्त्रीला फर्मावलं, "भिंत घासायचं मशीन चालव, पण धूळ ओढणारा व्हॅक्यूम बंद ठेव. आवाजाने डोकं उठतं."

"साहेब, सगळी पुट्टी माझ्या छातीत जाईल."

"पावडरच तर आहे! तिने कुणाला काय होतंय?"

नागनाथची छाती आताशा जिना चढतानाही शिट्टी वाजवायची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सोफ्यावरचं प्लास्टिक ओढलं, हत्तीचंही काढलं आणि मशीनच्या बटणावर अंगठा ठेवला.

"अरे, अरे! सोफ्याची वाट लागेल!"

"पावडरच तर आहे, साहेब."

साहेबांनी स्वतः वाकून व्हॅक्यूमची पिन लावली.

हत्तीला नागनाथनेच पुन्हा प्लास्टिक घातलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.