हातांची ऊब

खोलीत सहा चटया होत्या, सहा उशा होत्या आणि डोळे मिटून पडलेली माणसं चारच. आजही कुणाला काही जाणवलं नाही तर वर्ग बंद करायचा, असं रेकी शिकवणाऱ्या बाईंनी ठरवलंच होतं. सकाळपासून त्या गळून गेल्या होत्या, तरी एकेकाच्या कपाळावर त्यांनी मन लावून हात ठेवले.

"बाई, आज तुमच्या हातांतून खरंच काहीतरी येतंय," एरवी चटईवर घोरणारे निवृत्त मास्तर उठून बसत म्हणाले. "चटकाच बसला म्हणा ना." बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या.

बाई पाय ओढत घरी आल्या, पण चेहरा खुलला होता. "आई, आज जमलं. चौघांनाही ऊब जाणवली. वर्ग चालू ठेवते."

"मग ठेव की हात माझ्या गुडघ्यांवर," सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं नुसती थट्टाच करतेय मी."

बाईंनी हात ठेवले. सासूबाईंनी सुनेच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि उठून कपाटातून थर्मामीटर काढला.



पारा एकशे दोनच्या पुढे दोन रेघा जाऊन थांबला.